फ्लूची लस, दुखरा खांदा आणि वॉशिंग्टनचं कोर्ट: अमेरिकेत भरपाईचा दावा कसा लावायचा

१२ ऑक्टोबर २०२१च्या रात्री साडेनऊला मी न्यू जर्सीहून कोल्हापूरला धाकट्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'दुपारी फ्लूची लस घेतली. डावा हात वरच जाईना गं. झोपते.' तिने 'बर्फ लाव' म्हणून कळवलं आणि विषय तिथेच संपला. पुढे वकिलाच्या ऑफिसातून फोन आला, 'दुखणं नेमकं कधी सुरू झालं, याचा काही लेखी पुरावा आहे का?' तेव्हा एवढ्या मोठ्या कागदांच्या ढिगाऱ्यात कामी आली ती ही एक ओळ.

अमेरिकेत लस घेतली आणि तिच्यामुळे गंभीर, लांबलेला त्रास झाला, तर सरकारकडून भरपाई मागता येते. आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. ज्यांना कळतं त्यांना बहुतेक वेळा उशिरा कळतं, कारण दुखणं अंगावर काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. या वाटेने एकदा जाऊन आले आहे, तेव्हा कुठे ठेच लागते ते सांगू शकते.

आधी हे प्रकरण काय आहे ते

१९८०च्या दशकात डीपीटीच्या, म्हणजे आपल्या ट्रिपलच्या लशीवरून कंपन्यांवर एवढे खटले पडले की एकेक कंपनी लस बनवणंच सोडायला लागली. मुलांना लशी मिळेनाशा होतील या धास्तीने १९८६मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८पासून 'नॅशनल व्हॅक्सीन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम' सुरू झाला. सगळे त्याला व्हीआयसीपी म्हणतात. कायद्याच्या नावात 'चाइल्डहूड' असलं तरी मोठ्या माणसांनाही तो लागू आहे. हल्ली दावे लावणाऱ्यांत मोठ्यांचाच भरणा जास्त असतो.

पैसा येतो एका ट्रस्ट फंडातून. लशीच्या प्रत्येक डोसावर, ती जेवढ्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर असतो. फ्लूच्या लशीवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआरवर सव्वादोन डॉलर. म्हणजे या गल्ल्यात तुमचेही पैसे आहेत. मागायला संकोच वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा संकोच म्हणजे, 'त्या पोरीची नोकरी जाईल हो.' लस टोचणारी फार्मसीतली मुलगी चांगली होती, हसून बोलली होती. पण हा दावा तिच्यावर नसतोच. फार्मसी, डॉक्टर, कंपनी यांपैकी कोणीही त्यात प्रतिवादी नसतं. प्रतिवादी असतो केंद्र सरकारचा आरोग्यमंत्री, आणि चूक कोणाची झाली हे सिद्ध करायची गरजच नसते. लशीमुळे इजा झाली एवढंच दाखवायचं. आरोग्य खात्यातले डॉक्टर तुमचे कागद तपासतात, न्याय खात्याचे वकील सरकारची बाजू मांडतात आणि वॉशिंग्टनच्या 'कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स'मधले 'स्पेशल मास्टर' नावाचे न्यायाधिकारी निकाल देतात. ज्यूरी नसते. बहुतेक काम कागदांवर आणि फोनवर चालतं. माझ्या दाव्यात मी वॉशिंग्टनला एकदाही गेले नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण या विषयावर लिहिलं की कोणीतरी हमखास 'लशी घातकच' असा फॉरवर्ड पाठवतं. आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे दर दहा लाख डोसांमागे साधारण एकाला भरपाई मिळते. ऑटिझमच्या नावाने हजारो दावे आले होते. त्यांतले नमुन्याचे दावे कोर्टाने साक्षी-पुराव्यानिशी तपासले, २००९ आणि २०१०मध्ये निकाल दिले, आणि लशीने ऑटिझम होतो हे म्हणणं फेटाळलं. मी अजूनही दर वर्षी फ्लूची लस घेते. खांदा दुखला तो लशीतल्या औषधाच्या दोषाने नव्हे, तर सुई चुकीच्या जागी गेल्यामुळे.

तुमची लस यादीत आहे का

पहिलं काम हे, आणि पाच मिनिटांत होतं. फ्लू, धनुर्वाताची टीडॅप, एमएमआर, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि बी, पोलिओ, एचपीव्ही, रोटाव्हायरस, मेनिंजायटिसची, न्यूमोनियाची कॉन्ज्युगेट लस, अशा नेहमीच्या लशी यादीत आहेत. पन्नाशीनंतर देतात ती नागिणीची शिंग्रिक्स यादीत नाही. आरएसव्हीची नाही. भारतात जाण्याआधी ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये घेतो ती टायफॉइडचीही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण डिसेंबरच्या सुट्टीआधी आपले लोक टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए एकाच दिवशी घेतात. त्यातली दुसरी यादीत आहे, पहिली नाही. तेव्हा कुठली कुठल्या हाताला दिली ते लिहून घ्या.

कोव्हिडची लस या योजनेत येत नाही. तिच्यासाठी 'काउंटरमेझर्स इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम' अशी वेगळी योजना आहे. तिथे लस घेतल्या दिवसापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. कोर्ट नाही, वकिलाचा खर्च मिळत नाही, सोसलेल्या वेदनांचे पैसेही नाहीत. पैसे मिळालेले लोक फार थोडे. तरी त्रास गंभीर असेल आणि वर्ष उलटलेलं नसेल तर अर्ज करून ठेवा.

आणि हे फक्त अमेरिकेत टोचलेल्या लशींसाठी आहे, थोडे अपवाद वगळता. पुण्यात घेतलेल्या लशीसाठी इथे दावा लावता येणार नाही.

मुदत

त्रासाचं पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसापासून तीन वर्षं. निदान झालं त्या दिवसापासून नव्हे, डॉक्टरने 'हे लशीमुळे असावं' म्हटलं त्या दिवसापासूनही नव्हे. पहिली कळ आली ती तारीख. माणूस दगावला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं, आणि तीही पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत.

मूल लहान आहे म्हणून मुदत थांबत नाही. अमेरिकेतल्या इतर खटल्यांत मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबता येतं असं कोणीतरी सांगेल, ते ऐकू नका. बाळाच्या वतीने आई-वडिलांनी तीन वर्षांतच दावा लावायचा. गरोदरपणात आईने लस घेतली आणि पोटातल्या बाळाला इजा झाली, तर बाळाचा दावाही २०१६च्या दुरुस्तीनंतर लावता येतो.

डॉक्टरकडे जा, आणि नीट बोला

आता मी कुठे चुकले ते.

सरकारने एक तक्ता केलेला आहे, त्याला नुसतं 'टेबल' म्हणतात. कुठल्या लशीनंतर किती वेळात कुठला त्रास झाला तर तो लशीमुळेच झाला असं धरून चालायचं, हे त्यात दिलं आहे. लशीनंतर चार तासांच्या आत जीवघेणी अ‍ॅलर्जी. रोटाव्हायरसच्या लशीनंतर १ ते २१ दिवसांत बाळाच्या आतड्याला पडलेला अडकाव. फ्लूच्या लशीनंतर ३ ते ४२ दिवसांत जीबीएस, म्हणजे पायांपासून लुळेपणा वर चढत जातो तो आजार. पुण्यात जानेवारी २०२५मध्ये साथ आली तेव्हापासून हे नाव घरोघरी माहीत झालं. तिथे त्याचा संबंध दूषित पाण्याशी होता, लशीशी नव्हे. पण दाव्यात सरकारी डॉक्टर नेमकं हेच शोधतात, की लुळेपणाच्या आधी जुलाब किंवा ताप येऊन गेला होता का. म्हणून जीबीएसच्या दाव्यात आधीच्या महिन्याभराचे कागदही महत्त्वाचे.

माझं प्रकरण होतं खांद्याचं. त्याला 'सिर्व्हा' म्हणतात. दंडाच्या स्नायूत जायची सुई वर, खांद्याच्या हाडाजवळ गेली की औषध सांध्याशेजारच्या पिशवीत उतरतं आणि तिथे सूज धरते. दोन दिवस दंड ठणकतो, ते प्रत्येकाचंच. हे तसलं नाही. मला ब्लाउजचे मागचे हुक लावता येईनात, गाडीचा सीट बेल्ट डाव्या हाताने ओढता येईना, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की डोळ्यांत पाणी. २०१७पासून सिर्व्हा टेबलमध्ये आहे. अटी अशा: दुखणं लशीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं, त्या खांद्याला आधी काही झालेलं नसावं, दुखणं आणि आखडणं त्या एकाच खांद्यापुरतं असावं, आणि दुसरं काही कारण निघू नये.

माझं दुखणं त्याच संध्याकाळी सुरू झालं होतं. पण मी डॉक्टरकडे गेले पाच आठवड्यांनी. मधे दिवाळी आली. चकल्या पाडायला उजवा हात होता ना! निलगिरी तेल झालं, हळदीचा लेप झाला, आयब्युप्रोफेन झाली. १७ नोव्हेंबरला गेले तेव्हा नर्सने विचारलं, 'कधीपासून?' मी म्हटलं, 'दिवाळीच्या आधीपासून.' तिला दिवाळी म्हणजे काय, कधी असते ते माहीत नव्हतं. मी कौतुकाने सांगितलं की यंदा ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. तिने टाइप केलं, 'डाव्या खांद्यात दुखणं, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून.' लशीचा मी उल्लेखच केला नाही, कारण मला वाटलं होतं ते हास्यास्पद दिसेल.

त्या एका ओळीमुळे सरकारी वकिलांना म्हणता आलं की दुखणं लशीनंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं, ४८ तासांत नाही. आणि त्यांचं तरी काय चुकलं? कागद तेच म्हणत होता.

तेव्हा:

पहिल्याच भेटीत लशीची तारीख सांगा, कुठल्या हाताला दिली ते सांगा, आणि दुखणं 'त्याच दिवशी' की 'दुसऱ्या दिवशी सकाळी' सुरू झालं ते त्याच शब्दांत सांगा. सण, शाळेच्या सुट्ट्या, 'बरेच दिवस झाले' अशी मोजमापं नकोत. डॉक्टरने मान्य करावं अशी अपेक्षा नाही. तुम्ही सांगितलं एवढं त्याने लिहिलं तरी पुरे. लस आणि दुखणं यांची सांगड घालायला पुष्कळ डॉक्टर कचरतात, त्यावर वाद घालू नका.

घरी आल्यावर त्याच दिवशी पेशंट पोर्टलवर, म्हणजे दवाखान्याच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात, जाऊन भेटीची नोंद वाचा. चूक दिसली तर पोर्टलवरूनच लिहून दुरुस्ती मागा. कायद्याने तसा अर्ज करता येतो. डॉक्टर नाही म्हणू शकतात, पण तुम्ही त्याच आठवड्यात मागितली होती हे तरी नोंदीत राहतं. मी ही नोंद पहिल्यांदा वाचली ती चौदा महिन्यांनी.

फिजिओथेरपीला पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात, 'दुखणं कशाने सुरू झालं?' तिथे मी सहज 'फ्लू शॉट, १२ ऑक्टोबर' असं लिहिलं होतं. ते एक मला तारून गेलं.

व्हेअर्स नावाच्या सरकारी यंत्रणेकडे लशीनंतरच्या त्रासाची नोंद होते. ती जरूर करा. पण ती नोंद म्हणजे दावा नव्हे. कित्येक जण तिथे फॉर्म भरून उत्तराची वाट बघत बसतात आणि तीन वर्षं निघून जातात.

सहा महिने

त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला पाहिजे. नाहीतर त्या त्रासामुळे दवाखान्यात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी, किंवा मृत्यू. पाचव्या महिन्यात खांदा मोकळा झाला तर देवाचे आभार माना आणि हा लेख मिटा.

इथे आपल्या लोकांचा दावा कसा अडतो ते सांगते. मार्चमध्ये फिजिओथेरपीचे विम्याने मंजूर केलेले फेरे संपले. खांदा साठ-सत्तर टक्के सुधारला होता. जूनमध्ये मी कोल्हापूरला गेले आणि तिथे एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ओळखीच्या फिजिओकडे पाठवलं, तीन आठवडे रोज गेले. अमेरिकेतल्या फाइलमध्ये मार्चनंतर शुकशुकाट. म्हणजे कागदांवर मी पाच महिन्यांत बरी झालेली!

भारतातले कागद चालतात, पण ते कागद असायला हवेत. आपल्याकडे डॉक्टर फाइल ठेवत नाहीत, चिठ्ठी पेशंटच्या हातात देतात आणि आपण ती औषधं आणली की पर्समध्ये चुरगाळतो. लेटरहेडवर तारीख, कुठला खांदा, हात किती वर जातो त्याचं माप, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, एवढं लिहून घ्या. फिजिओकडून हजेरीचं कार्ड आणि पावत्या घ्या. मराठीत काही असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या दाखल्यासह. माझ्या फिजिओताईंनी आधी 'कशाला एवढं?' म्हणून हसून घेतलं. मग वहीच्या नोंदी उतरवून शिक्का मारून दिला.

वकील

स्वतः दावा लावता येतो, पण लावू नका. कारण वकील तुम्हाला फुकट पडतो. दावा प्रामाणिकपणे आणि काही आधार असताना लावला असेल, तर वकिलाची फी आणि खर्च कोर्ट त्याच फंडातून वेगळा देतं, दावा हरलात तरीही. तुमच्या भरपाईतून वकिलाला एक पैसाही घेता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. अपघाताच्या खटल्यांत वकील तिसरा हिस्सा घेतात, ती इथली रीत नव्हे. टक्केवारीची गोष्ट करणारा भेटला तर त्याला ही योजना माहीत नाही असं समजा आणि उठा.

वकील तुमच्या गावचा असायची गरज नाही. त्याला कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये काम करायची परवानगी हवी, बस. कोर्टाच्या संकेतस्थळावर लशीचे दावे घेणाऱ्या वकिलांची यादी आहे. मुदतीचे शेवटचे दोन महिने उरलेले असताना चांगला वकील प्रकरण हातात घेत नाही, कारण कागद जमवायलाच तेवढे लागतात. सहा महिने झाले की लगेच फोन करा.

कागद

वकिलाचं ऑफिस बरंच मागवतं, पण काही गोष्टी तुम्हीच लवकर मिळवा. सगळ्यात आधी लस दिल्याची नोंद: तारीख, लशीचं नाव, लॉट नंबर, कोणी दिली, कुठल्या हाताला. फार्मसीच्या कॉम्प्युटरमध्ये हात चुकीचा नोंदलेला असणं हे काही नवल नाही, कारण तो रकाना आपोआप भरला जातो. मला लस डाव्या हाताला दिली आणि कागदावर उजवा होता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर एका फोनने सुटलं असतं.

फ्लू आणि कोव्हिडची लस एकाच दिवशी घेणार असाल तर दोन वेगळ्या हातांना घ्या. एकाच खांद्यात दोन्ही गेल्या तर त्रास कुठल्या लशीचा यावर वाद होतो, आणि वर सांगितलं तसं दोन्हींच्या योजना वेगळ्या.

मग लशीआधीच्या साधारण तीन वर्षांचे सगळे डॉक्टरी कागद. हे लोकांना खटकतं. मलाही खटकलं, स्त्रीरोगतज्ज्ञाकडच्या नोंदी खांद्यासाठी कशाला? पण खांदा आधी निरोगी होता हे दाखवायला तेच लागतात. २०१९मध्ये मान अवघडली म्हणून एकदा गेले होते, त्यावर वकिलाने मला तीन प्रश्न विचारले. लपवायला जाऊ नका.

त्यानंतरचे सगळे कागद, एमआरआयचा अहवाल, फिजिओच्या प्रत्येक भेटीची नोंद, स्वतःच्या खिशातून भरलेल्या बिलांच्या पावत्या, आणि कामावर खाडे पडले असतील तर पगाराच्या स्लिपा. बाळाचा दावा असेल तर जन्मापासूनचे कागद.

आणि प्रतिज्ञापत्रं. एक तुमचं, एक-दोन घरच्यांचं. 'फार त्रास झाला' असं लिहून भागत नाही. माझ्या नवऱ्याने लिहिलं की त्या रात्री पांघरूण त्याला माझ्या अंगावर घालावं लागलं, आणि पुढचे चार महिने वरच्या फळीवरचा कुकर तो ऑफिसला जाण्याआधी काढून ओट्यावर ठेवायचा. तो कुकर निकालपत्रात आला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप जोडताना एक गंमत झाली. बहिणीने उत्साहाने तिच्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर तारीख १३ ऑक्टोबर, सकाळी सात. तिकडे दिवस उजाडला होता! तो जोडला असता तर नवा घोळ. माझ्या फोनमधला घ्यायचा होता, त्यावर १२ तारीख, रात्री साडेनऊ. भाषांतर करणाऱ्या बाईंनी 'वरच जाईना गं' यातल्या 'गं'चं काय करायचं हे मला फोन करून विचारलं. सोडून द्या म्हटलं.

दावा लावल्यावर

अर्जाला 'पिटिशन' म्हणतात. तो विशिष्ट छापील फॉर्म नसतो: कोण, कुठली लस, कधी, कुठे, काय झालं, किती दिवस, आणि याआधी या त्रासाचे पैसे दुसरीकडून मिळालेले नाहीत, हे परिच्छेदांत लिहितात. मी लिहिते आहे त्या वेळी कोर्टाची फी ४०५ डॉलर आहे. वकील ती भरतो आणि नंतर खर्चात मागतो. स्वतः लावणाऱ्याने कोर्टाला मूळ प्रत पाठवायचीच, शिवाय आरोग्यमंत्र्यांच्या नावे एक प्रत मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला आरोग्य खात्याच्या त्या विभागाला पाठवायची.

मग वाट बघायची. दोन-तीन वर्षं धरून चाला. सरकारी डॉक्टर कागद वाचतात, त्यांचा अहवाल येतो. त्यात दावा मान्य केला तर थेट पैशांची बोलणी. अमान्य केला तर आधी 'इजा लशीमुळेच का' हा प्रश्न सुटतो. टेबलात बसणाऱ्या दाव्याला ते सोपं जातं. टेबलाबाहेरच्या दाव्याला २००५च्या आल्थन निकालातल्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात: लशीने असा त्रास होऊ शकतो याचं वैद्यकीय स्पष्टीकरण, तुमच्या बाबतीत तो तसाच झाला याची सुसंगत साखळी, आणि वेळेचा मेळ. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे अहवाल लागतात आणि वर्षं वाढतात. पुरावा शंभर टक्के लागत नाही, पारडं तुमच्या बाजूला किंचित झुकलं तरी पुरतं. माझं पारडं झुकायला तो निरोप, फिजिओचा फॉर्म आणि नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागलं. नर्सची नोंद त्यांच्यापुढे हलकी ठरली, पण त्यात वर्ष गेलं.

भरपाई मिळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती तडजोडीने मिळते. तडजोडीच्या कागदावर सरकार लिहितं की इजा लशीमुळे झाली हे आम्हाला मान्य नाही, तरी पैसे देतो. पहिल्यांदा वाचताना राग येतो. सही करायची.

किती पैसे? वेदनांसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, मृत्यू झाला असेल तर वारसांना अडीच लाख. उपचारांचा विम्याने न दिलेला खर्च, पुढे लागणारा खर्च आणि बुडालेला पगार वेगळा. खांद्याच्या दाव्यात अडीच लाखांची स्वप्नं बघू नका. शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्यांना बहुधा पन्नास हजारांपासून लाखाच्या आतबाहेर मिळाल्याचं निकालपत्रांत दिसतं.

निकालपत्रं कोर्टाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुली असतात, तुमच्या नावासकट आणि आजारपणासकट. मुलांची फक्त आद्याक्षरं येतात. मोठ्यांना खाजगी वैद्यकीय तपशील झाकायचा असेल तर निकालानंतर १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. वकिलाला आधीच सांगून ठेवा.

अखेरचा कागद म्हणजे रक्कम स्वीकारता की नाकारता हे ९० दिवसांत कळवणं. नाकारली तर नेहमीच्या कोर्टात कंपनीवर जाता येतं. मात्र २०११च्या ब्रुझविट्झ निकालात सुप्रीम कोर्टाने लशीच्या रचनेतल्या दोषावरून कंपनीवर दावा करायची वाट बंद केली आहे. म्हणून बहुतेक जण स्वीकारतात.

आई-बाबा आले असतील तर

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासू-सासऱ्यांना आपण कोपऱ्यावरच्या फार्मसीत नेऊन फ्लूची लस देतो. नागरिकत्व, ग्रीन कार्ड काही लागत नाही. लस अमेरिकेत टोचली हे पुरेसं असतं. दावा सांगलीत बसूनही चालवता येतो. पण त्यांच्या विमानाआधी तीन गोष्टी उरका: फार्मसीतून लशीची नोंद छापून घ्या, इथल्या डॉक्टरला एकदा तरी दाखवा, मग व्हिजिटर विम्याने पैसे दिले नाहीत तरी चालेल, आणि भारतातले जुने कागद मागवून घ्या. सत्तरीतल्या माणसाच्या खांद्यात एमआरआयला झीज दिसतेच. सरकारी डॉक्टर ती दाखवणार. म्हणून 'लशीच्या आदल्या दिवसापर्यंत बाबा स्वतः माळ्यावरची बॅग काढत होते' असं सांगणारं कोणीतरी हवं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात पुन्हा त्याच रांगेत बसले. फार्मसिस्ट उभा राहून, टी-शर्टची बाही गळ्याकडून खाली ओढून टोचायला निघाला. ती सुई वर जाण्याची खात्रीची पद्धत. मी म्हटलं, 'तुम्हीपण बसा, आणि खांद्याच्या हाडाखाली तीन बोटं सोडा.' त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग स्टूल ओढलं. घरी येऊन छापील नोंदीतला हात तपासला आणि रात्री बहिणीला लिहिलं, 'लस घेतली. उजवा हात. आत्ता साडेनऊ वाजता काही दुखत नाही.' तिचं उत्तर आलं, 'हे कोर्टासाठी आहे का माझ्यासाठी?'